सिनेमातला ब्रास आणि कॉन्सर्टमधला ब्रास इतका सारखा का वाटतो

एखाद्या मोठ्या हॉलिवूड सिनेमाचं पार्श्वसंगीत चालू असतं, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन सगळे एकदम उसळून वर येतात, आणि ज्याने थोडंफार वेस्टर्न क्लासिकल ऐकलंय तो लगेच म्हणतो, अरे हे तर होल्स्टचं उचललंय, नाहीतर वाग्नरचं, नाहीतर स्ट्राउसचं. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा 'उचललंय' म्हणून विषय संपवला की खरी गंमत हातची जाते, कारण ब्रासच्या बाबतीत हे साम्य आधी त्या वाद्याच्या नळीतून येतं, मग ते वाजवणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांमधून येतं, आणि चोरीबिरी हा मुद्दा त्यानंतर कुठेतरी येतो. निदान मला तरी तसंच वाटतं आणि का ते सांगतो.

आधी ब्रास म्हणजे काय ते. ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा, आणि त्यांची चुलत भावंडं म्हणजे कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न, युफोनियम वगैरे. सगळ्यांचं तत्त्व एकच, लांब नळी, एका टोकाला वाटीसारखं माउथपीस, दुसऱ्या टोकाला पसरत गेलेलं तोंड, आणि आवाज तयार होतो तो वाजवणाऱ्याच्या ओठांच्या थरथरीतून. इथे रीड नाही की तार नाही, ओठ हेच कंपन करणारं यंत्र. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नळीचा स्वभाव असा की एकाच लांबीच्या नळीतून वाटेल तो सूर निघत नाही. ओठ सैल किंवा ताठ करून तुम्ही एका ठरलेल्या शिडीच्या पायऱ्यांवरच उभे राहू शकता, आणि ती शिडी आपल्या सरगमच्या भाषेत सांगायची तर खालून वर अशी जाते: सा, सा, प, सा, ग, प, मग जरा उतरलेला कोमल नी, परत सा, आणि तिथून पुढे रे, ग असे सूर जवळजवळ यायला लागतात. म्हणजे खालच्या भागात पायऱ्यांमध्ये मोठमोठी अंतरं आणि वर गेलं की गर्दी. बिगुलला वॉल्व्ह, म्हणजे दाबलं की नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, नसतात, त्यामुळे सैन्यातले बिगुलचे सगळे इशारे मुख्यतः प, सा, ग, प एवढ्यातच फिरतात, आणि तरीही ते ऐकताच अंगावर काटा येतो.

इथेच साम्याचा पहिला धागा सापडतो. शेकडो वर्षं ट्रम्पेट आणि हॉर्नकडे हेच सूर होते, वॉल्व्हचं पेटंट स्टोल्झेल आणि ब्ल्युमेल या दोघांनी घेतलं ते १८१८ मध्ये, त्याआधी राजाची स्वारी आली, युद्ध सुरू झालं, शिकारीत हरीण दिसलं, काहीही असलं तरी तो निरोप सा-प-सा-ग याच उड्यांमध्ये सांगावा लागायचा. साहजिकच ऐकणाऱ्यांच्या कानात पक्कं बसलं की पंचमाची मोठी उडी म्हणजे काहीतरी भव्य, काहीतरी अधिकृत, सावधान. वॉल्व्ह आल्यावर ट्रम्पेटला सगळे बारा सूर वाजवता यायला लागले, तरी कंपोझर लोकांनी ती जुनी उडी सोडली नाही.

रिचर्ड स्ट्राउसचं 'आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा', १८९६. सुरुवातीला खाली खर्जात एक लांब सूर धरलेला, त्याच्यावर ट्रम्पेट वाजवतात सा, प, वरचा सा. बस. मग सगळा ऑर्केस्ट्रा शुद्ध गंधारावर येतो न येतो तोच कोमल गंधारावर उतरतो, आणि टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, ठोके पडतात. हा तुकडा स्टॅनली कुब्रिकने १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये सुरुवातीलाच लावला, आणि तेव्हापासून जगात बहुतेकांसाठी ते अंतराळाचं संगीत आहे, स्ट्राउसचं नाव माहीत असो नसो. गंमत म्हणजे त्या सिनेमासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थ या कंपोझरकडून स्वतंत्र संगीत लिहून घेतलं होतं आणि ते बाजूला ठेवून कुब्रिकने कॉन्सर्टचं संगीतच कायम केलं. म्हणजे इथे साम्य वगैरे काही नाही, कॉन्सर्टचा तुकडा जसाच्या तसा पडद्यावर गेला आणि तिथे इतका फिट बसला की तो सिनेमासाठीच लिहिला असावा असं वाटायला लागलं.

त्याच्या नऊ वर्षांनी, १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' आला. जॉन विल्यम्सच्या मुख्य थीममध्ये आधी खालच्या पंचमावर तीन झटपट ठोके, मग सा, आणि मग थेट वरचा प. त्यानंतर म ग रे अशी उतरण आणि एकदम उसळून तार सा. आता हे गुणगुणून बघा आणि शिडी आठवा. या चालीची हाडं म्हणजे सा, प आणि तार सा, ती सगळी त्या जुन्या बिगुलच्या पायऱ्यांवर आहेत, फक्त मधली म ग रे ही उतरण वॉल्व्हवाल्या काळातली. लोक म्हणतात ती कॉर्नगोल्ड या कंपोझरच्या १९४२ च्या 'किंग्ज रो' या सिनेमातल्या थीमसारखी आहे, आणि आहेच, ऐकलं की कुणालाही कळेल. पण कॉर्नगोल्डची थीमही त्याच हाडांवर उभी आहे. ॲरन कोपलंडची 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' (फॅनफेअर म्हणजे ब्रासवरची छोटी सलामी) १९४२ मध्ये लिहिली गेली, तीही ट्रम्पेटच्या चौथ्या-पाचव्या सुराच्या (सा-म, सा-प) उघड्या उड्यांनीच सुरू होते. आता कोपलंडने कॉर्नगोल्डचं चोरलं असं कुणी म्हणणार नाही. दोघांनी एकच नळी ऐकली होती.

हा सगळा इतिहास बराच मागे जातो. मोंतेवेर्दीचा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा १६०७ चा, त्याच्या सुरुवातीला पडदा उघडण्याआधी ट्रम्पेटवाली एक छोटी तोकाता, म्हणजे सलामीची धून, आहे आणि ती तीनदा वाजवायची असं लिहिलंय. काम काय तर लोकांनी गप्पा थांबवाव्यात, आता मोठं काहीतरी सुरू होतंय हे कळावं. १९३३ मध्ये आल्फ्रेड न्यूमनने एका हॉलिवूड स्टुडिओच्या लोगोसाठी जी फॅनफेअर लिहिली, जी आज ट्वेंटिएथ सेंच्युरी स्टुडिओजचा (पूर्वीचं ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स) सर्चलाइटवाला लोगो दिसला की आपोआप कानात वाजते, तिचं काम अगदी तेच. तीनशेहून जास्त वर्षांनी वाद्यंही बहुतेक तीच आणि हेतूही तोच.

बरं, प्रत्येक ब्रास वाद्याला एक जुनी ओळख चिकटलेली आहे आणि सिनेमाने ती आयती घेतली. ट्रम्पेट म्हणजे राजा आणि सैन्य. हॉर्न म्हणजे जंगल, शिकार, लांबून येणारी हाक, आणि त्यातून पुढे शूर पण एकटा नायक. ट्रॉम्बोनचं नातं चर्चशी आणि मृत्यूशी, मोंतेवेर्दीच्या त्याच ऑपेरात पाताळाचे प्रसंग आले की ट्रॉम्बोन येतात, मोझार्टच्या १७८७ च्या 'डॉन जिओव्हानी'मध्ये मेलेल्या माणसाचा पुतळा बोलायला लागतो तेव्हाही ट्रॉम्बोन. ट्युबा त्या मानाने पोरगेलं वाद्य, १८३५ चं पेटंट, पण वाग्नरने 'सीगफ्रीड' या ऑपेरात गुहेत झोपलेल्या ड्रॅगनसाठी ट्युबा वापरला आणि अवाढव्य प्राणी म्हणजे ट्युबा हे पक्कं करून टाकलं. आता १९७५ चा 'जॉज' बघा. ते खालचं दोन सुरांचं ढुंढुं सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्यावर जी एक भेसूर चाल येते ती ट्युबावर आहे, टॉमी जॉन्सन नावाच्या वादकाने वाजवलेली, आणि ती ट्युबाच्या इतक्या वरच्या पट्टीत आहे की तो हॉर्नच असावा असं वाटतं. हॉर्नला सोपं गेलं असतं, पण अवजड वाद्य वरच्या सुरात ताणलं की त्यात जो एक धोका ऐकू येतो तो हॉर्नमध्ये आला नसता. आणि १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये ते परग्रहावरचं प्रचंड यान माणसांशी सुरांनी बोलतं, त्या यानाचा आवाज पण ट्युबा, वादक जिम सेल्फ.

वाग्नरचा विषय निघालाच आहे तर लाइटमोटिफ सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक पात्राला, वस्तूला, कल्पनेला एक छोटी धून द्यायची आणि ती गोष्ट आठवली की ती धून वाजवायची, पात्र समोर असो नसो. वाग्नरची 'रिंग' ही चार ऑपेरांची मालिका १८७६ मध्ये बायरॉइटला पहिल्यांदा अख्खी झाली, त्यात तलवारीची धून ट्रम्पेटवर, सीगफ्रीडची हाक हॉर्नवर, आणि देवांच्या महालासाठी तर गड्याने खास वाद्यच करवून घेतलं, वाग्नर ट्युबा, जो हॉर्नवाले वाजवतात आणि ज्याचा आवाज हॉर्न आणि ट्रॉम्बोनच्या मध्ये कुठेतरी बसतो. धुना ब्रासवर ठेवण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे, अख्खा ऑर्केस्ट्रा दणाणत असताना त्यातून एक चार सुरांची ओळख आरपार ऐकू जायला हवी असेल तर ते ब्रासच करू शकतं. सिनेमात तर ऑर्केस्ट्राच्या जोडीला स्फोट, घोडे, इंजिनं पण असतात. मग वैमानिकाची थीम काय बासरीवर देणार?

आता माणसं. मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

माल्कम आर्नल्ड हा लंडन फिलहार्मोनिकचा ट्रम्पेटवाला होता, मुख्य ट्रम्पेट, खुर्चीत बसून रोज मोठमोठ्या सिंफनी वाजवणारा. मग तो कंपोझर झाला, १९५७ च्या 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी ऑस्कर मिळवला, आणि १९६१ मध्ये त्याने लिहिलेलं ब्रास क्विंटेट आजही जगभर ब्रासचे विद्यार्थी वाजवतात. दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा, एवढ्यातच. ते ऐका आणि त्याचे सिनेमे ऐका, तोच खोडकरपणा, तोच मधूनच डोकावणारा अंधार, कारण लिहिणारा एकच आहे आणि त्याला ओठांना काय जमतं आणि कधी दम लागतो हे स्वतःच्या तोंडाने माहीत आहे.

आर्थर ब्लिसचं तर अजूनच सरळ. १९३६ साल, त्याच वर्षी 'थिंग्ज टू कम' हा भविष्यकाळावरचा सिनेमा त्याच्या संगीतासह आला आणि त्याच वर्षी त्याचं 'केनिलवर्थ' हे ब्रास बँडसाठी लिहिलेलं काम ब्रिटनच्या राष्ट्रीय ब्रास बँड स्पर्धेत सगळ्या बँडना वाजवायला दिलं गेलं. इंग्लंडमध्ये ब्रास बँड ही एक वेगळीच दुनिया आहे, गिरण्या आणि खाणींमधल्या कामगारांनी उभी केलेली, साधारण पंचवीसेक ब्रास वादक आणि सोबत ड्रम वगैरे, आणि त्यांच्या स्पर्धांसाठी मोठमोठे कंपोझर खास कामं लिहायचे. होल्स्टने १९२८ मध्ये 'मूरसाइड सुइट' दिलं, एल्गारने १९३० मध्ये 'सेव्हर्न सुइट', वॉन विल्यम्सने १९५७ मध्ये व्हेरिएशन्स. स्पर्धेचं काम म्हणजे काय, पंधरा-एक मिनिटांत सगळं दाखवायचं, दणका, हळवेपणा, वेग, प्रत्येकाला कुठेतरी एकट्याने चमकायची जागा. सिनेमाच्या संगीताला साधारण हेच तर करावं लागतं.

होल्स्टचं मी मघाशी नाव घेतलं, तो स्वतः व्यवसायाने ट्रॉम्बोन वाजवायचा. त्याच्या 'द प्लॅनेट्स'मधलं 'मार्स' सिनेमातल्या प्रत्येक युद्धाच्या मागे उभं असतं असं म्हटलं तरी चालेल. ते पाच मात्रांच्या तालात आहे, म्हणजे पावलं पडतायत पण माणसाची नाहीत, एक मात्रा जास्त, सतत तोल जाईल असं वाटणारी. त्यावर खालचा ब्रास चढत जातो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये हॉवर्ड शोरने आयझेनगार्डच्या फौजेसाठी जी थीम केली ती पण पाच मात्रांची आणि ब्रासवरच. आता याला नक्कल म्हणायचं की परंपरा ते ज्याने त्याने ठरवावं, मी तरी परंपराच म्हणेन, कारण 'निर्दय यंत्रासारखं सैन्य' हे सुरांत कसं सांगायचं याचा एक चालणारा मार्ग होल्स्टने दाखवला आणि लोक त्या वाटेने जातात.

वॉन विल्यम्सने उलटा प्रवास केला. १९४८ च्या 'स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक'चं संगीत त्याने लिहिलं आणि त्यातूनच पुढे त्याची सातवी सिंफनी झाली, 'सिंफोनिया अंटार्टिका', १९५३ मध्ये पहिल्यांदा वाजली. पुढच्याच वर्षी ट्युबा कॉन्चेर्टो (कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचं काम), वयाच्या ऐंशीनंतर. प्रोकोफिएव्हने १९३८ च्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' या सिनेमाचं संगीत दुसऱ्या वर्षी कॉन्सर्टसाठी कँटाटा, म्हणजे गायकवृंद आणि ऑर्केस्ट्राचं काम, म्हणून बांधलं. नीनो रोता, ज्याच्या 'गॉडफादर'ची सुरुवातच एकट्या ट्रम्पेटने होते, त्याचा १९६६ चा ट्रॉम्बोन कॉन्चेर्टो आहे. आणि जॉन विल्यम्सचे ट्युबासाठी १९८५ मध्ये, ट्रम्पेटसाठी १९९६ मध्ये, हॉर्नसाठी २००३ मध्ये असे कॉन्चेर्टो आहेत. त्यात 'स्टार वॉर्स' शोधायला गेलात तर हिरमोड होईल, ते जास्त गुंतागुंतीचे आणि कमी गुणगुणण्यासारखे आहेत, पण वाद्याला कुठे मोकळं सोडायचं हे कळणारा माणूस तोच आहे हे जाणवतं.

आणि शेवटी ज्यांचं नाव पोस्टरवर नसतं ते, वाजवणारे. मॉरिस मर्फी. ब्लॅक डाइक मिल्स बँड या नावाजलेल्या गिरणी बँडचा मुख्य कॉर्नेट, तिथून पुढे ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट, आणि १९७७ मध्ये तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा मुख्य ट्रम्पेट म्हणून रुजू झाला तेव्हा त्याचं पहिलंच काम काय असावं, तर 'स्टार वॉर्स'चं रेकॉर्डिंग. म्हणजे आपण जो सिनेमाचा आवाज म्हणतो तो कामगारांच्या ब्रास बँडमध्ये घडलेल्या ओठांचा आवाज आहे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी कॉन्सर्टमध्ये माहलरच्या सिंफनी वाजवणार, ओठ तेच, श्वास तोच, सूर धरायची पद्धत तीच. मग दोन्हीकडचा ब्रास सारखा वाटला तर नवल काय.

एवढं सगळं सारखं असेल तर फरक काहीच नाही का? आहे, आणि तो समजायला आवाजाच्या एका खोडीकडे बघावं लागतं.

व्हायोलिन जोरात वाजवलं की मुख्यतः आवाज मोठा होतो. ब्रास जोरात फुंकलं की आवाजाचा रंगच बदलतो. हळू वाजवलेला ट्रॉम्बोन मऊ, गोल, जवळजवळ गाणाऱ्या माणसासारखा लागतो, आणि तोच सूर पूर्ण ताकदीने फुंकला की त्यात वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप वाजणारे बारीक उंच सूर, भराभर वाढतात आणि तो करकरीत, धातूसारखा, चिरत जाणारा होतो. कारण असं की नळीत हवेची लाट जोरदार असेल तर पुढे सरकता सरकता तिचा चढ उभा होत जातो, इतका की ट्रॉम्बोनमध्ये खूप जोरात वाजवताना अक्षरशः शॉक वेव्ह तयार होते, प्रयोगशाळेत मोजलेली गोष्ट आहे ही. आपल्या कानाला हे शिकवावं लागत नाही, करकर ऐकू आली की मेंदू म्हणतो समोरचा पूर्ण जोर लावतोय.

आता सिनेमाचा मिक्सिंग करणारा काय करतो बघा. ब्रासवाल्यांना स्टुडिओत पूर्ण ताकदीने वाजवायला लावायचं आणि मग तो ट्रॅक खाली आणून संवादाच्या मागे ठेवायचा. आवाज कमी आहे, हिरो काय बोलतोय ते नीट कळतंय, पण करकर तशीच आहे, त्यामुळे दूर कुठेतरी काहीतरी महाभयंकर चालू आहे असं वाटत राहतं. कॉन्सर्ट हॉलमध्ये हे शक्यच नाही. तिथे जोरात म्हणजे जोरातच, आणि तो जोर बाकी सगळ्यांना गिळणार, म्हणून कॉन्सर्टचे कंपोझर ब्रासला फार जपून सोडतात, नाहीतर चौदा-पंधरा ब्रासवाले साठ तंतुवाद्यांना सहज झाकून टाकतात. लांबचा आवाज हवा तर वादकाला खरोखर लांब पाठवतात, माहलरच्या पहिल्या सिंफनीत ट्रम्पेट स्टेजबाहेरून वाजतात, स्ट्राउसच्या १९१५ च्या 'आल्पाइन सिंफनी'त शिकाऱ्यांचा घोळका दाखवायला बारा हॉर्न बाहेर उभे करायचे असं लिहिलंय. बारा! ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरचं काय होत असेल.

मायक्रोफोनची ही ताकद प्रोकोफिएव्हने फार लवकर ओळखली. 'नेव्हस्की'मध्ये जर्मन सरदारांचे कर्णे कानाला बोचायला हवेत म्हणून त्याने ब्रासवाल्यांना मुद्दाम माइकमध्ये थेट फुंकायला लावलं, म्हणजे आवाज फाटेल. रेकॉर्डिंगवाले ज्या गोष्टीला घाबरतात तीच त्याने रंग म्हणून वापरली. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०१० च्या 'इन्सेप्शन'मध्ये हान्स झिमरने खालच्या ब्रासचा जो प्रचंड ब्राऽऽम केला, ज्याची पुढे प्रत्येक ट्रेलरवाल्याने इतकी नक्कल केली की आता नको वाटतं, तो याच घराण्यातला आहे. तिथे धून जवळजवळ नाहीच, ब्रासचा रंग हीच धून. हे कॉन्सर्टवाल्यांनीही केलंय म्हणा, विसाव्या शतकातलं बरंचसं काम सुरांपेक्षा पोताचंच आहे, पण सिनेमाने ते थिएटरच्या सबवूफरमधून पोटापर्यंत नेलं.

फ्रेंच हॉर्नचं वेगळं सांगायला हवं कारण हॉलिवूडला त्याचं वेड आहे. त्याची नळी जवळजवळ पावणेचार मीटर लांब, गुंडाळलेली, तोंड मागे वळलेलं आणि त्यात वादकाचा उजवा हात. आवाज आपल्याकडे थेट येतच नाही, मागच्या भिंतीवर आपटून येतो, म्हणून तो कायम थोडा लांबचा, थोडा आठवणीतला वाटतो. नळी लांब पण माउथपीस छोटं, त्यामुळे हॉर्नवाला शिडीच्या वरच्या भागात खेळतो जिथे पायऱ्या अगदी जवळजवळ आहेत, आणि ओठ केसभर हलले तरी शेजारचा सूर लागतो. कॉन्सर्टला जाणाऱ्यांना हॉर्नचा फुटका सूर माहीत असतो. सिनेमात तो कधीच ऐकू येत नाही कारण पुन्हा टेक घेतात, आणि इथे मला जरा खटकतं, कारण हॉर्नच्या सोलोमधली अर्धी मजा तो आता फसेल की काय या धाकधुकीतच असते, ती स्टुडिओत पुसली जाते.

दुसरा मोठा फरक म्हणजे घड्याळ कुणाच्या हातात आहे. कॉन्सर्टमध्ये कंपोझर मालक. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत ट्रॉम्बोनवाले तीन मूव्हमेंट, म्हणजे पहिले तीन भाग, नुसते बसून राहतात, अर्धा तास, आणि चौथ्यात जेव्हा ते पहिल्यांदा हळूच एक चर्चमधल्यासारखी धून वाजवतात तेव्हा हॉलचा रंगच पालटतो. द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड'मध्ये ट्युबावाल्याला अख्ख्या सिंफनीत जेमतेम चौदा सूर आहेत. एवढी चैन सिनेमाला परवडत नाही, तिथे मालक एडिटर, दार उघडलं की त्याच क्षणाला ठोका पडला पाहिजे, आणि उद्या एडिटरने सीन चार सेकंदांनी कापला की धून पण चार सेकंदांनी कापायची. म्हणून सिनेमातल्या ब्रासच्या धुना छोट्या, पटकन ओळखता येतील अशा, कुठेही तोडल्या तरी जिवंत राहतील अशा असतात. बिगुलचे इशारेही तसेच होते नाही का, चार सुरांत निरोप संपला.

आणि हो, टेम्प ट्रॅक. एडिटिंग चालू असताना दिग्दर्शक तात्पुरतं कुठलंतरी तयार संगीत लावून ठेवतात, बऱ्याचदा होल्स्ट नाहीतर स्ट्राउस नाहीतर कुठल्यातरी आधीच्या सिनेमाचं, महिनोन् महिने तेच ऐकतात आणि मग कंपोझरला सांगतात असंच पाहिजे पण हे नको. बिचारा काय करणार. चोरीचा आरोप जिथे थोडाफार खरा असतो तिथे बहुतेक वेळा मागे हे असतं.

रोमन सिनेमांचं उदाहरण देतो. प्राचीन रोमचं सैन्य चालताना नेमकं कसं वाजायचं हे कुणीच ऐकलेलं नाही. पण रेस्पिगीने १९२४ च्या 'पाइन्स ऑफ रोम'मध्ये शेवटी जुन्या रस्त्यावरून रोमन फौज येतेय असं दाखवलं, लांबून सुरू होऊन वाढत वाढत जाणारं, त्यात जादा ब्रास स्टेजबाहेर ठेवलेला. मग मिक्लोश रोझाने 'क्वो वाडिस' आणि १९५९ चा 'बेन-हर' केला तेव्हा त्याने सगळे सूर एकत्र वरखाली सरकणारे ओबडधोबड ब्रासचे कॉर्ड वापरले, आणि आता जगातल्या सगळ्यांना खात्री आहे की रोम असंच वाजायचं. कॉन्सर्ट आणि सिनेमाने मिळून एक खोटा पण पटणारा इतिहास तयार केला, आणि खरं सांगायचं तर तो मला फार आवडतो.

गेल्या काही वर्षांत हे चक्र उलटं फिरलंय. मोठमोठे ऑर्केस्ट्रा आता अख्खा सिनेमा पडद्यावर लावून खाली पार्श्वसंगीत लाइव्ह वाजवतात, हाउसफुल जातं. पण हे संगीत लिहिलं तेव्हा ते तुकड्यातुकड्याने, कित्येक दिवसांत, मध्ये विश्रांती घेत रेकॉर्ड होणार असं गृहीत होतं, आता तेच ट्रम्पेट आणि हॉर्नवाल्यांना एका संध्याकाळी दोन-सव्वादोन तास सलग काढायचं असतं, आणि ओठ हा शेवटी स्नायू आहे, तो थकतोच. म्हणून अशा कार्यक्रमांत पहिल्या हॉर्नच्या शेजारी बऱ्याचदा एक जादा वादक बसवतात, जो अधलेमधले जड भाग उचलतो आणि मुख्य वादकाला मोठ्या सोलोसाठी राखून ठेवतो. ही सोय नवी नाही, मोठ्या सिंफनीसाठी ऑर्केस्ट्रा आधीपासून करतात तीच आहे. कधी अशा कार्यक्रमाला गेलात तर पडद्यावरून थोडा वेळ नजर काढून त्या दोघांकडे बघा, कोण कुठे थांबतंय आणि कोण कुठे उचलतंय ते.